कार्यानुभवाचा तास

नववी ब. पटावर अडुसष्ट.
तास पस्तीस मिनिटांचा,
त्यातली सात हजेरीत जातात.
उरलेल्यात उष्णता:
वहन, अभिसरण, प्रारण,
तीन व्याख्या, दोन आकृत्या, घंटा.

तिसऱ्या बाकावरची लीना भोई
वर्गात बोट वर करत नाही.
सगळे गेल्यावर दाराशी थांबते,
चपलेच्या अंगठ्याकडे बघत विचारते,
"सर, समदा दाना का बरं नई फुटतस?"

पारोळ्याच्या बाजारात तिच्या बापाची भट्टी.
तापल्या रेतीत चणे पडतात,
तडतडतात, फुटाणे होतात.
शंभरातले अकरा मात्र तसेच. गणंग.
तिने मोजलेत, सहा शनिवार,
उधारीच्या वहीत मागच्या बाजूने.
गणंग हा शब्द आम्ही स्टाफरूममध्ये
पोरांसाठी वापरतो.
मोजलं कुणी नव्हतं.

पुस्तक उघडलं. धडा तिच्या प्रश्नाच्या
अलीकडच्याच पानावर संपलेला.

हेडमास्तर म्हणाले, आधी पोर्शन.
प्रयोगशाळेची किल्ली भावसारांकडे,
भावसार मतदारयाद्यांवर.
अमळनेरच्या कॉलेजातले ग्रंथपाल भले गृहस्थ,
चहा पाजला, पण अकरावीशिवाय कार्ड निघत नाही.
जळगावच्या शिबिराला पंधरा पूर्ण लागतात.
ही चौदाची, आणि फीचा आकडा
मी तिच्या बापाला सांगितलाच नाही.
जिल्ह्याच्या कार्यालयात साहेबांनी फाईल चाळली,
"मागे पडलेल्यांसाठी योजना आहे हो.
पुढे गेलेल्यांसाठी रकाना नाही."

धुळ्याच्या रद्दीवाल्याकडे बारावीचं पुस्तक सापडलं,
किलोच्या भावात, पहिली चाळीस पानं गायब.
ती मी रात्री बसून आठवेल तशी लिहून काढली.
दोन ठिकाणी चुकलो होतो.
तिने पेन्सिलीने, फार हलक्या हाताने,
प्रश्नचिन्हं काढून वही परत केली.

वेळ कुठून आणायची?
वेळापत्रक म्हणजे भरलेली एसटी.
शेवटी गुरुवारी सातव्या तासाला
एक खिडकी रिकामी दिसली: कार्यानुभव.
बाकीच्यांना खडू करायला बसवलं,
तिला मागच्या बाकावर बारावी.
दप्तरात नोंद केली,
"उपक्रम: फिनाईल तयार करणे."

शाळेचा थर्मामीटर एकशेदहाला संपतो.
रेती तिथून सुरू होते.
वाटलं, आता ही थांबेल.
तिने तराजूचं शंभर ग्रॅमचं वजन
रेतीत पुरलं, चिमट्याने उचललं,
पाव लिटर पाण्यात टाकलं.
पाणी नऊ अंश चढलं.
मग उलटं गणित.
दोनशे अठ्ठेचाळीस.
खाली बारीक अक्षरात:
थोडी वाफ उडाली, ती धरलेली नाही.

बाप माझ्याकडे तक्रार घेऊन आला,
"सर, पोरगी वजनं भाजस, गिऱ्हाइक हासतस."
जाताना अर्धा किलो फुटाणे ठेवून गेला,
पैसे घेतले नाहीत.

अकरांचं कोडं सुटलेलं नाही अजून.
काहींच्या सालीला आधीच बारीक चीर असते,
वाफ गुपचूप निघून जाते, असं ती म्हणते.
पण साल धड असलेलेही चार निघाले.
त्यांचं काय, तिने विचारलं.
मी म्हणालो, मला माहीत नाही.
बावीस वर्षांच्या नोकरीत
हे वाक्य वर्गात पहिल्यांदा उच्चारलं.
तिला बरं वाटलेलं दिसलं.

मार्चमध्ये तपासणी आली.
साहेबांनी दप्तर वाचलं,
चष्मा वर सरकवला, "फिनाईल दाखवा."
मधल्या सुट्टीत मी बाजार गाठला,
चार बाटल्या घेतल्या,
नळाखाली धरून नखाने लेबलं खरवडली.
शेरा मिळाला: उत्तम.

त्या वर्षी आमचा व्हरांडा
फार स्वच्छ होता.